रवळूआण्णाचा बुडालेला मुलूख

वडगावच्या विणकरांच्या गल्लीत रवळूआण्णाचं नाव काढलं की माणसं आधी हसायची आणि मग बोलायची. बरं, हसण्यासारखं काही नव्हतंच असं तरी कोण म्हणेल? ज्याच्या लुगड्याचा काठ बघून शहापूरचे व्यापारी बाकीची लुगडी बाजूला सारायचे, असा हात असलेला विणकर. आणि तो दर अमावस्येला खांद्याला पिशवी अडकवून दगड, शिंपले, खापऱ्या गोळा करत हिंडायचा. कशासाठी? तर म्हणे आपल्या हिंदुस्थानच्या पश्चिमेला, दर्यात, एक भलाथोरला मुलूख बुडालाय आणि जगातलं पहिलं लुगडं त्या मुलखात विणलं गेलंय! हसा खुशाल. त्याची बायको नागुबाईसुद्धा एके काळी तोंडाला पदर लावून हसलेली. पुढं मात्र तिला या गोष्टीचं हसू कधी आलं नाही.

अमावस्येला माग बंद. विणकरांच्या घरचा हा नेम, तो मोडायची कुणाची छाती नाही. त्या दिवशी मागाची पूजा करायची, पुरणाचं नाहीतर निदान गोडाचं जेवायचं आणि दुपारी ताणून द्यायची. रवळूच्या पायाला मात्र भिंगरी. लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, एकोणीसशे नऊ-दहा सालची गोष्ट, अशाच एका अमावस्येला तो बेळगावात कॅम्पात गेला होता. तिथल्या दुकानदारानं खजूर बांधून दिला तो एका इंग्रजी छापील कागदात. घरी येऊन पुडी सोडली तर कागदावर नकाशा. एका अंगाला हिंदुस्थान, दुसऱ्या अंगाला आफ्रिका, आणि मधल्या पाण्यात बारीक रेघांनी काढलेली मोठ्ठी जमीन. खजूर घरच्यांनी खाल्ला. रवळू तो कागद घेऊन शाळेच्या मास्तरांकडे पळाला.

मास्तरांनी वाचून सांगितलं, की काही गोऱ्या पंडितांच्या मते फार पूर्वी इथं एक मुलूख होता, तो समुद्रात बुडाला. झालं! आता देवांग विणकरांच्या घरात पोराला दूध पाजता पाजता सांगतात ती कथा काय? तर माणसं उघडी हिंडत होती तेव्हा देवल ऋषी क्षीरसागरात गेला, विष्णूच्या नाभीतल्या कमळाच्या देठातनं सूत घेऊन आला आणि माणसाच्या अंगावर वस्त्र आलं. ही कथा ऐकून लोक हात जोडतात आणि आपापल्या कामाला लागतात. रवळूनं हात जोडले नाहीत. विणकराला दोन सुटी टोकं दिसली की त्याची बोटं आपोआप गाठ मारतात, ती टोकं एकाच धाग्याची आहेत का हे कोण बघतं? रवळूनं क्षीरसागर आणि तो नकाशा एकमेकांना जोडून टाकले. सूत समुद्रातनं आलं, म्हणजे विणकर समुद्रातनं आला. म्हणजे आपलं मूळ गाव पाण्याखाली.

"नागू, आपुन हितलं न्हवंच," तो सांगायचा. "आपलं वाडवडील बुडत्या मुलखातनं माग पाठीवर घिऊन घाट चढलेत."

"मग माग भिजला नसंल का वो?" नागुबाई म्हणायची आणि खुदकन हसायची. त्याला राग यायचा नाही. तेव्हा नव्हता यायचा.

पण वर्षं गेली तसा तो नाद आतून घट्ट झाला. सांबऱ्याच्या एका शेतात त्याला मूठभर शिंपले मिळाले. गावच्या लोकांनी सांगून बघितलं, की बाबा रे, चुना भाजायला कोकणातनं शिंपल्यांच्या गाड्या येतात, त्यातनं सांडले असतील. रवळूनं ऐकून घेतलं आणि शिंपले पिशवीत टाकले. आंबोलीचा घाट उतरून तो वेंगुर्ल्याला जायचा, जोडून सुट्टी काढायचा, ओहोटीच्या वेळी वाळूत खापऱ्या वेचायचा. खापरीवर नागमोडी रेघ दिसली की लुगड्याचा काठ लावून बघायचा. जुळली की लहान पोरासारखा टाळ्या पिटायचा, आणि नाही जुळली तर ती खापरी कुंभाराची म्हणून फेकून द्यायचा. अशी निवड केल्यावर न जुळायला काय झालं?

मूलबाळ झालं नाही. नागुबाईनं देवाधर्माचं करून बघितलं आणि गप्प बसली. रवळूला जणू त्याचं काही वाटलंच नाही, त्याचं सगळं ध्यान पाण्याखाली. या एका गोष्टीचा मात्र तिला राग होता आणि तो तिनं कधी बोलून दाखवला नाही. न बोललेला राग कुठं जातो? तो आतच बसून राहतो.

रवळूचा धाकटा भाऊ गुंडू याचं लग्न झालं, सव्वीस साल असावं, तेव्हा घरात दुसरा माग टाकायचं ठरलं. आपल्याकडचा माग म्हणजे खड्डा माग. जमिनीत खड्डा खणायचा, विणकरानं काठावर बसून पाय आत सोडायचे आणि पायांनी पावड्या दाबायच्या. गुंडू खणायला लागला. दोन हात खाली गेला तर कुदळ खण्णकन वाजली. माती काढून बघतात तर विटांची भिंत! हातभर लांब, वीतभर रुंद, असल्या विटा कुणी जन्मात बघितल्या नव्हत्या. विटांच्या अंगाला लाल खापऱ्या, पातळ, तेल लावून पुसल्यासारख्या गुळगुळीत.

"आण्णा, हे बघ की रं!" गुंडू ओरडला.

रवळू आला, वाकला, आणि त्यानं एका नजरेत निकाल लावला. "कुणाच्या तरी जुन्या घराचा पाया असंल, पेशवाईतला. काढ त्या विटा. कट्टा बांधू."

तेवढ्यात नागुबाईला त्या मातीत एक मातीची चकती दिसली. रुपयापेक्षा थोडी मोठी, मधोमध भोक. तिनं ती पदरानं पुसली आणि तिला लख्ख ओळख पटली. तिची आज्जी असल्याच चकतीत काडी घालून सूत कातायची.

"अवं, ही टकळीची चकती हाय," ती म्हणाली. "हितं कोण तरी बाई सूत कातत हुती. लई जुनी दिसतीया. विणकर आदीपासनं हितंच हुतं की काय?"

रवळू ताडकन उभा राहिला. "तू कांड्या भर जा! जुनं कशाला म्हनत्यात ते मला कळतंय. तुला काय कळतंय त्यातलं?"

गुंडूची नवी बायको जयवंता दारात उभी होती. तिला हसू आवरलं नाही.  कांड्या भरणं म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळणं, ते घरातल्या बायकांचंच काम, पण चारचौघांत ते असं तोंडावर फेकल्यावर कुणाला झोंबणार नाही? नागुबाईनं चकती कनवटीला खोचली आणि ती तिथनं निघून गेली.

आड येणाऱ्या विटा काढून त्यांचा पडवीत कट्टा झाला, बाकीची भिंत खड्ड्याच्या अंगाला तशीच राहिली, आणि त्या नव्या मागावर रवळू स्वतः बसायला लागला, जुना गुंडूला दिला. शेणानं सारवला, वर रवळूनं आपलं दुकान मांडलं, सांबऱ्याचे शिंपले, वेंगुर्ल्याच्या खापऱ्या, भोकं पडलेले दगड. खड्ड्यातली एक लाल गुळगुळीत खापरी दिसायला देखणी म्हणून तीही त्यानं त्यातच ठेवून दिली.

आणखी दहा-अकरा वर्षं अशीच गेली. रवळूचं नाव हसण्यावारी का होईना पण लांबवर गेलं, आणि एका गणपतीत निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यानं, अप्पासाहेबांनी, त्याला व्याख्यानाला बोलावलं. नागुबाई बरोबर गेली. रवळूनं स्वतः विणलेलं उपरणं घेतलं होतं. काय त्याचा रुबाब! पण तो बोलायला उभा राहिला आणि देवल ऋषीवरनं नकाशावर, नकाशावरनं शिंपल्यावर आला, तशी मंडपात खसखस पिकली. मागनं एकजण ओरडला, "आण्णा, त्या मुलखात तंबाखू पिकत हुती काय?" मंडप नुसता फुटला.

रवळूचा चेहरा पडला. पिशवीत हात घालून त्यानं जी खापरी हाताला लागली ती वर धरली. ती नेमकी खड्ड्यातली लाल खापरी. "ही बगा! वेंगुर्ल्याच्या दर्यात, ओहोटीला, गुडघाभर पाण्यात मिळालीया मला. ही कुणी केली सांगा!"

बायकांच्या बाजूला बसलेल्या नागुबाईनं ती खापरी लगेच ओळखली. हा माणूस येडा होता, पण खोटा कधी नव्हता.

लोक मात्र माना उंचावून बघायला लागले. खापरी खरंच जुनी दिसत होती. पुढच्या रांगेत अप्पासाहेबांचे पाहुणे, पुण्याचे एक म्हातारे प्रोफेसर बसले होते. ते उठले, त्यांनी खापरी हातात घेऊन चष्म्याजवळ नेली, उलटीपालटी केली आणि पत्ता विचारून घेतला.

चौथ्या दिवशी वडगावच्या गल्लीत मोटार आली. पोरंठोरं, शेजारीपाजारी, सगळी गल्ली दाराशी गोळा. प्रोफेसर कट्ट्यावर टेकले. हो, त्याच कट्ट्यावर, त्याच विटांवर! शेणाच्या सारवणाखाली काय आहे हे त्यांना कसं दिसणार? त्यांनी रवळूचं सगळं शांतपणे ऐकलं. शिंपले बघितले, दगड बघितले, नकाशा बघितला. हसले नाहीत. मग ती लाल खापरी उचलून म्हणाले, "रवळूअण्णा, राग मानू नका. ही समुद्रातली नाही. पाण्यात राहिलेल्या खापरीची कड झिजते, हिची कड बघा कशी धारदार आहे. ही जमिनीतली आहे. आठवून सांगा, कुठं मिळाली?"

रवळूनं नजर शिंपल्यांकडे वळवली.

"ही जर या भागातली असली," प्रोफेसर पुढं म्हणाले, "तर तिच्याखाली दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघू शकतं. तसं असेल तर मी माणसं लावून खणायला घेतो. आणि शोधणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत छापतो. तुमचं नाव."

अहो, ज्यासाठी त्या माणसानं आयुष्य झिजवलं ते दारात येऊन, मांडी घालून बसलं होतं! एक शब्द बोलायचा होता. पण तो शब्द बोलायचा म्हणजे निपाणीत भर मंडपात खोटं बोललो हे कबूल करायचं, आणि आपला मुलूख आपल्याच हातानं पुन्हा बुडवायचा. सगळी गल्ली बघत होती.

नागुबाई उंबऱ्यात उभी होती. मोटार दाराशी आली तेव्हाच तिनं देव्हाऱ्यातल्या डबीतली चकती कनवटीला खोचली होती, तिथं तिचा हात गेला. चकती बाहेर आली, मुठीत आली. खड्डा पाच पावलांवर होता. तिनं नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. रवळूनं मान वर केली, तिच्याकडे बघितलं, आणि प्रोफेसरांकडे वळून म्हणाला, "न्हाय सायेब. वेंगुर्ल्याचीच हाय ती. हितं काय न्हाय."

नागुबाईनं मूठ मिटली. तू कांड्या भर, हे शब्द तिच्या कानात होते. मला काय कळतंय त्यातलं? मग बसा तुमचं तुमी, असं तिच्या मनात आलं. पुढं ती स्वतःची समजूत घालायची, की नवऱ्याची लाज राखली मी, चारचौघांत त्याला खोटं पाडलं नाही. पण खरं तिला माहीत होतं. ती माया नव्हती, राग होता.

प्रोफेसरांनी पत्त्याचा कागद ठेवला. "आठवलं तर कळवा," म्हणाले आणि मोटार गेली.

त्यानंतर रवळू दोन-तीनदा वेंगुर्ल्याला गेला असेल, मग थांबला. अमावस्येला घरीच बसायचा, खड्ड्यात पाय सोडून, माग बंद असताना. गल्लीतले चिडवायचे, "का आण्णा, आज दर्या आटला काय?" तो मान खाली घालून खड्ड्यात बघत राहायचा. नागुबाईला वाटायचं, वय झालं. दोघं एका घरात, एका ताटाशी, आणि ती एक गोष्ट मध्ये बसलेली. आठ वर्षं.

पंचेचाळीस सालच्या पावसाळ्यात रवळूनं अंथरूण धरलं. विणकराचा खोकला, छातीत सूत साठून साठून येतो तो. एका दुपारी त्यानं नागुबाईला जवळ बोलावलं.

"ती चकती दे बघू."

"कुठली वो?"

"असं काय करतीस? त्या दिशी उंबऱ्यात तुझ्या हातात हुती ती. बघितली हुती मी. तू आता बोलतीस बघ, असं वाटलं, म्हणून घाईनं न्हाय म्हणालो."

नागुबाई उठली. मग तिनं देव्हाऱ्यातल्या डबीतनं चकती काढून त्याच्या तळव्यावर ठेवली. रवळूनं डोळे मिटले आणि अंगठा तिच्या कडेवरनं फिरवला. सावकाश, काठाचं सूत तपासतात तसा. मग डोळ्याजवळ धरून बघितलं.

"एका अंगानं झिजलीया," तो म्हणाला. "बाई डावखुरी हुती गं. आनि हितं बघ, माती वली असताना नखानं खूण केलीया. आपली चकती दुसरीच्यात मिसळू नये म्हणून. म्हंजे घरात एकटीच न्हवती, दोघी-तिघी बसून कातत असणार. हितंच, आपल्या घराच्या खाली."

नागुबाई त्याच्याकडे बघतच राहिली. पाच मिनिटं झाली नसतील, आणि पस्तीस वर्षांत जेवढं खरं बोलला नव्हता तेवढं तो बोलून गेला. अशी नजर या माणसाकडे होती! आणि ती सगळी त्यानं शिंपल्यांवर उधळली.

"खड्ड्यात पाय सोडला की त्या भिंतीला टाच लागायची माझी," रवळू म्हणाला. "रोज लागायची. मी दर्यात बघत बसलो. तू तरी का बोलली न्हाईस गं?"

"तुमच्या रागानं," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांकडनं पुण्याला पत्र लिहून घेतलं. खापरी आमच्या मागाच्या खड्ड्यातली आहे, खाली भिंत आहे, यावे. रवळूनं सांगितलं, "खोटं बोललो हुतो तेबी लिवा." गुंडूला त्यानं तो माग उचलायला लावला, खड्डा झाडून घेतला आणि रोज विचारायला लागला, उत्तर आलं का?

उत्तर आलं. मास्तरांनी गल्लीच्या तोंडाशीच नागुबाईला वाचून दाखवलं. पत्र प्रोफेसरांच्या मुलाचं होतं. वडील गेल्या मार्गशीर्षात वारले. त्यांच्या वहीत बेळगावच्या या खापरीबद्दल दोन पानं आहेत, आणि शेवटी लिहिलंय, हा मनुष्य कधीतरी कळवेल.

नागुबाईनं पत्राची घडी केली. घरात गेली. रवळू उठून बसायचा प्रयत्न करत होता.

"काय लिवलंय?"

"येतो म्हनालेत," ती म्हणाली. "दिवाळी झाली की येतो."

"बघ! म्हनलो न्हवतो?" रवळूचा चेहरा नवरदेवासारखा फुलला. दिवाळीला आठ दिवस राहिले असताना तो गेला. पाहुण्यांना बसायला कट्ट्यावर चटई घाल, असं आदल्या दिवशी जयवंताला बजावून.

आणि मग नागुबाईनं तोंड उघडलं. इतकी वर्षं मिटलेलं तोंड. पोस्टमन आला, त्याला खड्डा दाखव. व्यापारी आला, त्याच्या हातात चकती दे. शेरडं हाकणाऱ्या मष्णूला सुद्धा धरून बसवायची, "हितं खाली गाव हाय बाबा, दोन हजार वर्सांचं. बायका सूत कातत हुत्या." पण कोण ऐकणार? पस्तीस वर्षं या घरातनं लोकांनी एकच गोष्ट ऐकली होती आणि हसून हसून पोट धरलं होतं. रवळूआण्णाचं येड आता म्हातारीला लागलं, एवढंच म्हणायचे. गुंडू दोनदा खड्डा बुजवायला निघाला, तिनं बुजवू दिला नाही.

सत्तेचाळीसच्या ऑगस्टमध्ये शाळेत झेंडा लागला, त्या दिवशी नवा तरुण मास्तर गल्लीत साखर वाटत आला. शिकलेला मुलगा, कोटाच्या खिशाला पेन. नागुबाईच्या मनात काय आशा उठली! तिनं त्याचा हात धरून त्याला खड्ड्यापाशी नेलं, विटा दाखवल्या, सगळं सांगितलं, खापरी, प्रोफेसर, वही, सगळं. जयवंता मागनं म्हणत होती, "आक्का, सोडा की त्यास्नी, सणाचा दीस हाय."

मास्तरानं वाकून बघितल्यासारखं केलं. मग दाराशी जमलेल्या लोकांकडे बघून डोळे मिचकावले. "पण मावशी, अण्णांचा मुलूख तर दर्यात हुता न्हवं? आता घरात आला होय?"

दारातले सगळे हसले. मास्तरानं तिच्या हातावर चमचाभर साखर ठेवली आणि तो पुढच्या घरी गेला.

नागुबाई रागावली नाही. गर्दी पांगल्यावर ती खड्ड्याच्या काठावर बसली, जिथं रवळू बसायचा तिथं, आणि पाय आत सोडले. टाच विटेला लागली. साखर हातातच होती, घामानं चिकट झालेली.

"बोलाय पायजे हुतं वो मी," ती खड्ड्याकडे बघून म्हणाली. "तुमी न्हाय म्हनालासा तरीबी बोलाय पायजे हुतं. त्या दिशी ऐकनारा हुता."